आई-बाबांना दाखवायच्या सिरीजची लिस्ट, आणि त्यात नसलेली ती

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी 31 वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली, आता न्यू जर्सीत आयटीत नोकरी. तिची पार्टनर ब्लॅक अमेरिकन आहे आणि दोघी दोन वर्षं एकत्र राहतायत, गावाकडे मात्र ती "रूममेट" म्हणूनच माहीत आहे. आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच अमेरिकेत येणार, सहा महिने राहणार. तेव्हा त्यांना सगळं सांगायचं हे ठरलंय, पण एकदम धक्का नको म्हणून हिने एक प्लॅन केला: पहिले दोन महिने रोज रात्री जेवण झालं की त्यांच्यासोबत सिरीज बघायच्या, म्हणजे "असे लोक असतात, चांगले असतात, त्यांचेही संसार असतात" हे हळूहळू डोक्यात मुरेल. फोनमध्ये लिस्ट केली. मॉडर्न फॅमिली, ग्रेस अँड फ्रँकी, शिट्स क्रीक आणि शेवटी हिंदी म्हणून बधाई दो. पार्टनरने ती लिस्ट वाचली आणि एवढंच विचारलं, "यात मी कुठे आहे?" त्यावरून भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. पार्टनर इंटरसेक्शनॅलिटीबद्दल बोलते, म्हणजे वंश, बाई असणं असे भेदभाव एकमेकांत मिसळून एकदमच वाट्याला येतात त्याबद्दल, हिला तो ट्विटरवरचा शब्द वाटतो. पत्रात शेवटी विचारलंय, "ताई, मी आधीच एवढं मोठं पाऊल टाकतेय, त्यात तिला प्रत्येक गोष्टीत रेस का दिसते? मी चुकतेय का ती अति करतेय?"

पत्रात आणखी दोन-तीन गोष्टी जाता जाता लिहिल्यात, त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या, त्यांच्यावर येतेच.

---

अगं, आधी तुझी लिस्टच घेऊन बसूया. मी कागदावर लिहून काढली आणि शेजारी कोण कोण आहे ते मांडलं. मॉडर्न फॅमिलीत कॅम आणि मिचेल. ग्रेस अँड फ्रँकीत सत्तरीला आलेले दोन नवरे, जे आपापल्या बायकांना सोडून एकमेकांशी लग्न करतात. शिट्स क्रीकमध्ये डेव्हिड आणि पॅट्रिक (या सिरीजचं नाव ऐकूनच बाबा उठून झोपायला जातील असं मला वाटतं, पण ते असो). सगळे गोरे, हे तुझ्या पार्टनरला दिसलं. पण सगळे पुरुषही आहेत गं! तू बाई, ती बाई, आणि तिन्ही इंग्रजी सिरीजमधलं मुख्य जोडपं दोन पुरुषांचं. शिवाय सगळे खात्यापित्या घरातले, आणि जे कंगाल झालेत तेही कधीतरी करोडपती होते. म्हणजे तिने "मी कुठे आहे" विचारलं ते बरोबरच आहे, पण तू तरी कुठे आहेस त्यात? बाईवर प्रेम करणारी बाई लिस्टमध्ये यायला शेवटपर्यंत थांबावं लागलं, आणि ती आली ती बधाई दो मध्ये, म्हणजे हिंदीत.

त्यामुळे ती अति करतेय असं मला वाटत नाही. ती यादी वाचून तुझ्या मनातला हिशोब तिला दिसला, आणि तो हिशोब तू पत्रात स्वतःच लिहिलायस: "आधी मुलीवर प्रेम आहे हे पचू दे, ती ब्लॅक आहे हे नंतर बघू." तू बातमीचे दोन हप्ते पाडलेयस. प्रॉब्लेम असा की ती हप्त्याहप्त्याने येत नाही, पहिल्याच दिवशी नेवार्क एअरपोर्टवर आई-बाबांची बॅग उचलायला ती अख्खी उभी असणार आहे.

आणि इंटरसेक्शनॅलिटी या शब्दाचं म्हणशील तर तो ट्विटरवरून आलेला नाही, कोर्टातून आलाय. किंबर्ले क्रेनशॉ नावाच्या ब्लॅक कायदेतज्ज्ञ बाईंनी 1989 मध्ये तो मांडला, आणि त्यासाठी त्यांनी ज्या केसेस घेतल्या त्यातली एक जनरल मोटर्सची होती. पाच ब्लॅक बायका कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. कंपनीने 1964 च्या आधी एकही ब्लॅक बाई कामावर घेतलेली नव्हती, त्यामुळे मंदीत "जो शेवटी आला तो आधी जाणार" असा नियम लागला तेव्हा 1970 नंतर घेतलेल्या सगळ्या ब्लॅक बायका बाहेर गेल्या. 1976 मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनी बायकांना घेते की, आणि ब्लॅक लोकांनाही घेते, मग भेदभाव कसला? घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या, ऑफिसात. घेतलेले ब्लॅक पुरुष होते, कारखान्यात. या पाच जणी दोन्ही खान्यांत बसत होत्या आणि म्हणून कुठल्याच खान्यात दिसल्या नाहीत. रेसचा खटला वेगळा चालवा, बाईचा वेगळा चालवा, दोन्ही मिळून काही आम्ही ऐकणार नाही, असाच तो निकाल होता. तुझी लिस्ट नेमकं हेच करतेय, आणि तू मुद्दाम केलंयस असं मी म्हणत नाहीये, आजवर जे बघायला मिळालं त्यातूनच आपण निवडतो ना.

तसं तुमच्या घरापुरतं बोलायचं तर उद्या तुम्हा दोघींना तिथे लग्न करायचं ठरलं तर अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या निकालाने ते करता येतं हे तुला पाठ असेल. पण त्याच्याही आधी 1967 चा एक निकाल आहे, लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया, त्याने वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या लग्नावरची बंदी उठवली. एक निकाल तुला आठवतो, तिला दोन्ही आठवत असणार. तिला प्रत्येक गोष्टीत रेस का दिसते याचं उत्तर बरंचसं इथेच आहे, तिच्या दारात ती आधीपासून आहे, तुझ्या दारात ती तिच्यामुळे आली.

आता टीव्हीचं सांगते, कारण तुझा प्लॅन टीव्हीवर उभा आहे. "आधी पचेल ते दाखवू, मग हळूच बाकीचं" ही आयडिया तुझी एकटीची नाहीये, हा त्या धंद्यातला जुना फॉर्म्युला आहे. ऑरेंज इज द न्यू ब्लॅक ही बायकांच्या तुरुंगावरची सिरीज करणाऱ्या जेंजी कोहान यांनी 2013 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत सरळ सांगितलं की तिची गोरी, सुशिक्षित नायिका पायपर हा त्यांचा ट्रोजन घोडा होता. ब्लॅक आणि लॅटिना बायकांच्या, म्हाताऱ्या बायकांच्या, गुन्हेगारांच्या गोष्टी घेऊन चॅनेलकडे गेलं तर कोणी विकत घेत नाही, म्हणून एक गोरी मुलगी पुढे करायची आणि तिच्या मागून बाकीच्यांना आत आणायचं. आणि खरंच आणलं की, त्या सिरीजमुळेच लॅव्हर्न कॉक्सला 2014 मध्ये एमी या टीव्ही पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं, अभिनयासाठी उघडपणे ट्रान्स असलेल्या व्यक्तीला पहिल्यांदाच. त्यामुळे फॉर्म्युला निव्वळ वाईट असं मी म्हणणार नाही. पण त्याच सिरीजमध्ये पूसे नावाची जी गोड, पुस्तकवेडी, ब्लॅक लेस्बियन मुलगी होती तिला 2016 च्या सीझनमध्ये एका गोऱ्या गार्डखाली गुदमरून मारलं. पायपर शेवटपर्यंत जिवंत. घोड्यातून आत आलेल्यांचं पुढे काय होतं हे तुझ्या पार्टनरने पाहिलेलं आहे, म्हणून तिला तुझ्या लिस्टमधला घोडा लगेच ओळखू आला.

ही फार जुनी गोष्ट आहे. हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली ब्लॅक व्यक्ती, 1940 चा समारंभ, गॉन विथ द विंडमधल्या मोलकरणीच्या रोलसाठी, आणि त्या रात्री हॉटेलात तिला बाकीच्या कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. पुढे 1996 मध्ये शेरिल डुन्ये या ब्लॅक लेस्बियन दिग्दर्शिकेने द वॉटरमेलन वुमन केला, त्यात एक मुलगी अशाच जुन्या सिनेमांतल्या मोलकरणीचं काम करणाऱ्या एका नटीचा शोध घेते, आणि ती नटी बायकांवर प्रेम करणारी होती असं तिला सापडतं. जुने फोटो, फिल्मचे तुकडे, सगळं दाखवलंय. आणि शेवटी पडद्यावर येतं की हे काल्पनिक आहे, कधीकधी आपला इतिहास आपणच तयार करावा लागतो. ते फोटो खास या सिनेमासाठी काढलेले! म्हणजे "माझ्यासारखी कोणीतरी आधी होती" एवढं म्हणायला सुद्धा तिला नटी बनवावी लागली. असलं सगळं बघत मोठी झालेली मुलगी आपल्या पार्टनरच्या फोनमधली लिस्ट तुझ्या डोळ्यांनी कशी वाचेल?

बरं, न्याय-अन्याय बाजूला ठेवू, तुझी लिस्ट कामाची तरी आहे का? मला नाही वाटत. तू लिहिलंयस की बाबा म्हणतात "ही सगळी त्यांच्याकडची फॅडं, पैसा जास्त झाला की असलं सुचतं." मग त्यांना दोन महिने रोज गोरे, पैसेवाले, बहुतेक कॅलिफोर्नियातल्या बंगल्यात राहणारे गे लोक दाखवून काय होणार? त्यांचा मुद्दा पक्का होणार! हसतील, जोक आवडतील, कॅम आवडेलच (तो सगळ्यांना आवडतो), आणि झोपायला जाताना म्हणतील, चालतं बाबा त्यांच्यात. 1998 च्या डिसेंबरात फायर हा दोन बायकांच्या प्रेमावरचा सिनेमा चालू असताना ज्यांनी मुंबईत थिएटरं फोडली त्यांचंही हेच म्हणणं होतं की हे आपल्यात नाही, बाहेरून आलंय. तुझे आई-बाबा तेव्हा तिशीत असतील, पेपरात वाचलेलं त्यांना आठवत असणार. त्यापेक्षा रोहन कानवडेंचा साबर बोंडं दाखवायचा विचार कर ना. मराठी आहे, 2025 मध्ये सनडान्स या अमेरिकन फिल्म फेस्टिव्हलला मोठं बक्षीस मिळालं, आणि गोष्ट काय तर मुंबईत राहणारा मुलगा वडील गेले म्हणून दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी येतो, नातेवाईक लग्नासाठी मागे लागलेत, आणि लहानपणीचा मित्र शेती करतोय. आईला मुलाचं माहीत आहे. आता तेही जोडपं पुरुषांचंच आहे हे मी विसरले नाहीये, पण निदान "पैसा जास्त झाला" हे तरी त्या घराकडे बघून कोणी म्हणू शकणार नाही.

आणि लिस्टमधल्या बधाई दो बद्दल एक सांगू का, तो तू "हिंदी आहे म्हणून" शेवटी टाकलायस. त्यातली रिमझिम आठव. भूमी पेडणेकरची जी जोडीदार आहे ती भूमिका चुम दरांगने केलीय, ती अरुणाचलची. ईशान्येकडून दिल्ली-पुण्यात शिकायला आलेल्या मुलींना "चिंकी" म्हणतात, घर देताना चौकशा करतात हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या जोडप्यात वंशाचा प्रश्न आहेच, फक्त सिनेमा त्याबद्दल फारसा बोलत नाही. काहींना ते आवडलं, की बघा, तिला तिच्या चेहऱ्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. मला वाटतं थोडं बोलायला हवं होतं, घरमालकाचा एखादा प्रश्न तरी. पण मुद्दा असा की तुमच्या दोघींच्या सगळ्यात जवळ जाणारं जोडपं तुझ्या लिस्टमध्येच होतं, आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही. पार्टनरसोबत हा सिनेमा बसून बघ, आई-बाबा यायच्या आधी, सबटायटल लावून. भांडण मिटेल असं नाही, पण भांडायला मुद्दा तरी चांगला मिळेल.

आता ज्या गोष्टी तू जाता जाता लिहिल्यास त्या. व्हिडिओ कॉलवर पार्टनर मागून चहाचा कप घेऊन गेली आणि आई म्हणाली, "जपून राहा गं, ती काळी आहे ना, तुमचा एरिया कसा आहे?" तू विषय बदललास. पार्टनरला मराठी येत नाही पण "काळी" कळतं, कारण तुमच्या मांजरीला तू काळू म्हणतेस आणि त्याचा अर्थ तूच तिला सांगितलायस. ती त्यावर काही बोलली नाही असं तू लिहितेस, जणू तिला लागलं नाही. मला वाटतं "यात मी कुठे आहे" हा प्रश्न त्या कॉलपासून सुरू झालाय, लिस्ट नंतर आली.

दुसरी गोष्ट म्हणजे दादाच्या लग्नात "मुलगी सावळी आहे पण शिकलेली आहे" यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. तेव्हा तूही तिथे होतीस. आपल्याकडचं हे रंगाचं वेड आणि अमेरिकेतली रेस या एकच गोष्टी नाहीत, तिकडे गुलामगिरीचा तो सगळा इतिहास आहे, आपल्याकडे जात आहे, सरसकट एक करू नये. पण घरात दोन्ही एकाच दारातून आत येतात. जून 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर सगळीकडे आंदोलनं चालली होती तेव्हा अमेरिकेतल्याच भारतीय बायकांनी शादी डॉट कॉमला धरलं की तुमच्या साइटवर त्वचेच्या रंगाचा फिल्टर कशाला, आणि तो काढावा लागला. त्याच महिन्यात फेअर अँड लव्हलीने नावातलं फेअर काढायचं जाहीर केलं. नाव बदललं, क्रीम तेच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. बाबा रिटायर्ड शिक्षक, हॉलमध्ये महात्मा फुल्यांचा फोटो, आणि 2008 मध्ये ओबामा निवडून आला तेव्हा त्यांनी शाळेत पेढे वाटले होते. तू हे "बाबा तसे वाईट नाहीत" म्हणून लिहिलंयस. मी म्हणते याचा उपयोग कर, पण भोळेपणाने नको. फुल्यांनी 1873 मध्ये गुलामगिरी लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना, तिथला आदर्श इथल्या शूद्रांच्या सुटकेसाठी समोर ठेवून. शिक्षक माणूस, त्यांना ती अर्पणपत्रिका माहीत असणारच. पण लांबच्या ब्लॅक माणसासाठी पेढे वाटणं वेगळं आणि सून म्हणून ब्लॅक मुलगी घरात येणं वेगळं. मीरा नायरचा मिसिसिपी मसाला बघ, 1991 चा. युगांडातून हाकललेलं गुजराती कुटुंब मिसिसिपीत मोटेल चालवणाऱ्या नातेवाइकांकडे राहतंय, आणि त्यातला एक जण डेन्झेल वॉशिंग्टनला (तो त्यातला ब्लॅक हिरो) सांगतो की आपण सगळे सारखेच, गोरे नाहीत ते सगळे एक. का सांगतो, तर गाडी ठोकलीय आणि त्याने केस करू नये म्हणून! तोच डेन्झेल जेव्हा घरातल्या मुलीबरोबर सापडतो तेव्हा सगळी एकी पाचव्या मिनिटाला संपते. पुढे तो मुलीच्या बापाला स्वतःचा गाल दाखवून म्हणतो तुमचा रंग माझ्यापेक्षा थोड्याच छटांनी वेगळा आहे. हा सिनेमा बाबांना दाखवावास असं मी म्हणेन, आईला कदाचित त्याहून जास्त, कारण त्यात बायकांच्या कुजबुजीत मुलीच्या रंगाचे आणि पैशाचे हिशोब होतात ते आपल्याकडच्या हळदीकुंकवातले वाटतात. त्यात गे कोणी नाही. पण तुझ्या घरात जो अर्धा विषय तू नंतरसाठी ठेवलायस तोच त्यात आहे.

थोडं तुझ्या पार्टनरच्या बाजूलाही बोलते, म्हणजे तिच्याबद्दल. तिचं म्हणणं असेल की गोरे काढ आणि ब्लॅक क्वीअर सिनेमे टाक, तर मी तिलाही विचारेन की कुठले. पॅराया या ब्लॅक लेस्बियन मुलीच्या सिनेमात मुलीची आई तिला स्वीकारत नाही ती नाहीच. मूनलाइट, एका ब्लॅक गे मुलाची गोष्ट, तर मला फार आवडतो, 2017 च्या ऑस्करला आधी दुसऱ्याच सिनेमाचं नाव वाचून मग याला बेस्ट पिक्चर दिलं ते सगळ्यांना आठवतं, पण तुझी आई तो बघून काय म्हणेल? "किती गं त्या पोराचे हाल, तुझेही असेच होतील." हाल दाखवणारे सिनेमे खोटे नाहीत, पण घाबरलेल्या आईला समजवायला ते नकोत. आणि उलट टोकालाही जाऊ नका, की पार्टनरने सहा महिने आदर्श ब्लॅक सून बनायचं, पुरणपोळी शिकायची, आवाज चढवायचा नाही, म्हणजे आईचा "एरिया" वाला संशय फिटेल. टीव्हीवरच्या ब्लॅक बाईला हे ओझं कायम उचलावं लागतं, एकतर मोलकरीण नाहीतर एकदम परफेक्ट. घरी तरी नको.

मला विचारशील तर तुम्हा चौघांसाठी एकच गोष्ट आहे, आणि ती सिरीज नाही, सिरीजचा एक भाग आहे. मास्टर ऑफ नन, दुसरा सीझन, थँक्सगिव्हिंग नावाचा भाग. अझीझ अन्सारी आणि लीना वेथ यांनी मिळून लिहिलेला, त्यासाठी 2017 मध्ये कॉमेडी लेखनाचं एमी मिळवणारी लीना पहिली ब्लॅक बाई ठरली. बराचसा तिच्याच आयुष्यातला. अख्खा भाग एका जेवणाच्या टेबलाभोवती आहे, नव्वदच्या दशकापासून 2017 पर्यंत, दरवर्षी तोच सण, तीच आई, मावशी, आजी, आणि डेनिसचा, म्हणजे लीनाने केलेल्या मुलीचा, बालमित्र म्हणून एक देसी पोरगा त्या टेबलावर बसलेला. लहानपणीच आई दोघांना सांगते की मायनॉरिटी म्हणजे ज्यांना दुप्पट राबून अर्धंच मिळतं, आणि डेनिस, तू तर ब्लॅक बाई होणार, तुला तिप्पट. पुढे डेनिस मोठी होऊन एका साध्या हॉटेलात समोर बसून आईला सांगते की मला मुली आवडतात. आईचे डोळे भरतात, आणि ती जे म्हणते त्यात पापबिप काही नाही. तिचं म्हणणं असं की ब्लॅक बाई म्हणून जगणंच किती अवघड आहे, त्यात तुला आणखी भर घालायचीय का? अँजेला बॅसेटने ते असं केलंय की राग यायच्या ऐवजी त्या बाईची भीती आपल्या पोटात उतरते. मग पुढची वर्षं. पहिल्यांदा मैत्रीण घरी आणते तेव्हा आई ताठ. नंतर एक दुसरीच येते, इन्स्टाग्रामवाली, तिचं अकाउंट बघून सगळ्यांची हसून वाट लागते. मग पहिली परत येते, आणि आईही तोवर मवाळ झालेली असते. कोणी भाषण करत नाही, माफी मागत नाही, फक्त दरवर्षी टेबल तेच राहतं.

यात रेस, बाई असणं, लेस्बियन असणं हे तिन्ही एकाच आईच्या एका वाक्यात आहेत, वेगळे काढून दाखवता येत नाहीत, आणि तुझी आई ती भीती ओळखेल. पण हा भाग बातमी सांगायच्या आधी दाखवू नकोस. आधी सांग, मग कधीतरी, वातावरण निवळलं की लाव.

आणि सांगायचं ते ते विमानात बसायच्या आधी, माझा याबाबत ठाम आग्रह आहे. तुझा प्लॅन "इथे आल्यावर दोन महिन्यांनी" असा आहे, पण विचार कर, ते न्यू जर्सीच्या सबर्बमध्ये, गाडी येत नाही, भाषेची अडचण, ओळखीचं कोणी नाही, तू दिवसभर ऑफिसात. तिथे त्यांना हे कळलं तर रागावून जातील कुठे? त्यांना चिडायला, रडायला, मावशीकडे जाऊन चार दिवस राहायला स्वतःची जागा पाहिजे. शिवाय दोन महिने त्यांनी पार्टनरच्या हातचं खाल्लं आणि मग कळलं तर "आमच्याशी नाटक केलं" हा वेगळाच राग बसेल, आणि त्याचं खापर तिच्यावर फुटेल, तुझ्यावर नाही. म्हणून मार्चमध्येच बोल. आधी एकाशी, दोघांत जो जास्त ऐकून घेतो त्याच्याशी, व्हिडिओवर, आणि एकाच वाक्यात सगळं: ही माझी जोडीदार आहे, तिचं नाव हे, ती ब्लॅक आहे, आम्ही दोन वर्षं एकत्र आहोत. हप्ते नकोत. "काळी आहे ना" परत आलं तर या वेळी विषय बदलू नकोस, "आई, ती बाजूलाच आहे आणि तिला कळतं" एवढं म्हटलंस तरी पुष्कळ.

सांगितल्यावर त्यांनी यायचं रद्द केलं तर ते तुला लागेल, मला माहीतेय. तिकीट बदलता येईल असंच काढ. आले आणि जमलं नाही तर जवळ महिनाभर भाड्याने खोली किंवा एखाद्या नातेवाइकाचं घर आधी बघून ठेव. पार्टनरने सहा महिने दुसरीकडे राहायचं हा पर्याय तू कंसात लिहिलायस, तो खोडून टाक, तिच्या नावाने पण त्या घराचं भाडं जातं.

त्यांना बोलायला माणूस लागेल, आणि ती तू असू शकत नाहीस. स्वीकार हा मुंबईत सुरू झालेला पालकांचा गट आहे, एलजीबीटी मुलांच्या आई-वडिलांचा. पुण्याच्या समपथिक ट्रस्टने, म्हणजे बिंदुमाधव खिरेंनी, मराठीतून भरपूर लिहिलंय, बाबा वाचणारे आहेत तर त्यांना पुस्तक बरं पडेल. चित्रा पालेकरांचं नाव तुझ्या आईला नाटक-सिनेमामुळे माहीत असेल, त्या लेस्बियन मुलीची आई म्हणून कित्येक वर्षं उघडपणे बोलतायत आणि समलैंगिक संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये त्या होत्या. अमेरिकेत आल्यावर देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज हा तसाच गट आहे. या सगळ्यांकडे लैंगिकतेचा विषय पक्का आहे, "आणि ती ब्लॅक आहे" हा भाग तिथे मांडायला तुलाच तोंड उघडावं लागेल, तर पहिल्याच फोनवर विचार की कोणाची सून किंवा जावई ब्लॅक आहे का. एखादी अशी आई भेटली तर तिचा नंबर तुझ्या आईला दे.

ज्या वाचकांची पार्टनर मणिपूरची आहे, किंवा दुसऱ्या जातीची, धर्माची, आणि जे घरी "आधी गे असल्याचं सांगू, बाकीचं मग" असं ठरवतायत त्यांनाही मी हेच सांगेन, पण एक फरक करून. आर्थिकदृष्ट्या घरावर अवलंबून असाल, मारहाणीची किंवा जबरदस्तीने लग्न लावायची भीती असेल, तर घाई नको, तुकड्यातुकड्याने सांगा, काही सांगूही नका, फक्त जोडीदाराला आधी विश्वासात घ्या की आपण हे का करतोय आणि किती दिवस. सुरक्षित असूनही सोय म्हणून तुकडे पाडणं वेगळं, आणि तू, मैत्रिणी, स्वतःच्या पगारावर सात समुद्र पलीकडे आहेस.

आज रात्री तिच्याशी बोलायचं ते सिरीजबद्दल नको. तिला विचार की तो व्हिडिओ कॉल तिला आठवतो का, आई काय म्हणाली ते तिला कळलं होतं का, आणि तिला माझ्या आई-बाबांना भेटायचंय का मुळात. तिने "अजून नाही" म्हटलं तर मार्चमधल्या फोनवर आईला तेही सांग.